आफ्रिकेला जाताय? गाईडबुक कोणतं घ्यायचं आणि साहसकथांवर किती विश्वास ठेवायचा

'केनिया, ८ दिवस, मसाई मारा, नाकुरू, ग्रुप टूर.'

फेसबुकवर ही जाहिरात आता सोलापूर जिल्ह्यातल्या गावागावात दिसते. करमाळा तालुक्यातल्या केममध्येही दिसते. केम म्हणजे कुंकवाचं गाव. इथलं कुंकू देशभरातल्या देवस्थानांच्या बाजारात जातं, पण इथला माणूस आफ्रिकेला जाणं ही अजून चार घरांत चर्चा होण्यासारखीच गोष्ट. खरं तर नैरोबी वाटतं तितकं लांब नाही. केमहून रेल्वेने मुंबई गाठायला जेवढा वेळ जातो, साधारण तेवढ्याच वेळात विमान मुंबईहून थेट नैरोबीला उतरतं. लांब आहे ते आपल्या डोक्यातलं आफ्रिका. टारझन, नरभक्षक सिंह, काळोखं जंगल आणि हिऱ्यांची खाण, एवढाच आपला अभ्यास.

लाखो रुपये खर्चून जाणारा माणूस जाण्याआधी वाचतो काय? बहुतेक वेळा टूरवाल्याने पाठवलेली पीडीएफ आणि यूट्यूबवरचे चार व्लॉग. ते वाईट नाहीत, पण त्यावर भागत नाही. म्हणून हा लेख. गाईडबुक कसं निवडायचं, त्यातलं काय वाचायचं, काय सोडून द्यायचं, आणि सोबत वाचायच्या साहसकथांमध्ये खरं किती आणि रचलेलं किती, ते बघू.

गाईड म्हणजे नवनीत नव्हे

आपल्याकडे गाईड म्हटलं की परीक्षेच्या आदल्या रात्री उघडायचं पुस्तक आठवतं. प्रवासाचं गाईडबुकही लोक तसंच वापरतात, म्हणजे विमानात बसल्यावर उघडतात. तोपर्यंत त्यातला सगळ्यात कामाचा भाग हातातून गेलेला असतो. तो भाग म्हणजे 'कधी जायचं'.

आता केनियाचंच बघा. तिथे मोठा पाऊस साधारण मार्च ते मे आणि छोटा पाऊस ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत असतो. ज्या दृश्यासाठी सगळे जातात, म्हणजे लाखो विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतायत आणि खाली मगरी टपून बसल्यात, ते मसाई मारामध्ये साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात दिसतं. बाकीच्या महिन्यांत हे कळप शेजारच्या टांझानियात सेरेंगेटीत असतात. त्यांची पिल्लं जन्मतात तीही सेरेंगेटीच्या दक्षिणेला, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास.

आणि मराठी कुटुंब सुट्टीला कधी निघतं? मे महिन्यात. पोरांच्या परीक्षा झाल्या की.

म्हणजे नेमकं पावसाच्या शेपटाला, कळप मारामध्ये नसताना. त्या दिवसांत दर उतरलेले असतात, म्हणूनच जाहिरात स्वस्त दिसते. मे महिन्यात जाऊच नये असं नाही. गर्दी कमी असते, रान हिरवंगार असतं, सिंह-हत्ती कुठे जात नाहीत. पण ब्रोशरवर नदी ओलांडणाऱ्या कळपाचा फोटो असेल आणि तुमची तारीख १२ मे असेल, तर पैसे भरण्याआधी टूरवाल्याला एक प्रश्न विचारायला हवा. तो प्रश्न विचारण्याइतकी माहिती गाईडबुकच्या पहिल्या वीस पानांत असते. त्यामुळे गाईडबुक घेताना पहिली कसोटी हीच ठेवा, की महिन्यागणिक काय दिसतं ते त्यात आहे का. नसेल तर ते पुस्तक नुसतं फोटोंचं आहे.

कोणतं घ्यायचं?

बाजारात इंग्रजी मालिका मुख्य अशा दोन-तीनच आहेत.

लोनली प्लॅनेट सगळ्यांना माहीत असतं. टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने १९७३ मध्ये आशियातून स्वस्तात कसं फिरायचं याची एक छोटी पुस्तिका काढली, तिथून हे सुरू झालं. १९७७ मध्ये त्यांचं आफ्रिकेवरचं पुस्तक आलं, तेही 'स्वस्तात आफ्रिका' याच धर्तीचं. पहिल्यांदा जाणाऱ्याला नकाशे, शहरं, राहण्या-खाण्याच्या सोयी यासाठी हे ठीक आहे. पण संपूर्ण आफ्रिकेचा एक जाडजूड खंड घेण्याच्या फंदात पडू नका. ५४ देश एका पुस्तकात बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला किती पानं येणार, हिशेब तुम्हीच करा. जो देश बघणार त्याचंच पुस्तक घ्या.

ब्रॅड्ट हे नाव आपल्याकडे कमी लोकांना माहीत आहे. हिलरी ब्रॅड्ट यांनी १९७४ मध्ये सुरू केलेली ही ब्रिटिश प्रकाशनसंस्था. बाकीचे जिथे दोन पानांत उरकतात तिथे हे पूर्ण पुस्तक लिहितात. युगांडा, इथिओपिया, टांझानिया अशा देशांसाठी माझं मत विचाराल तर ब्रॅड्टच. फिलिप ब्रिग्ज हा लेखक वर्षानुवर्षं या देशांवर लिहितोय, आणि पुन्हा पुन्हा त्याच रस्त्यावरून गेलेला माणूस लिहितोय हे वाचताना कळतं.

तिसरं म्हणजे रफ गाईड. ही मालिका १९८२ ची. इतिहास आणि संगीत यांवरचा भाग हे तिचं बलस्थान.

केममध्ये यातलं काही मिळेल अशी अपेक्षा कुणी करत नाही. ऑनलाइन मागवलं तर किंमत बघून हात आखडतो. त्यावर एक साधी युक्ती आहे. आदल्या आवृत्तीची जुनी प्रत स्वस्तात घ्या. इतिहास, प्राणी, नकाशा, भाषा हा भाग पाच वर्षांत फारसा बदलत नाही. बदलतात ते दर, हॉटेलं आणि नियम, आणि ते तसेही छापील पुस्तकातून घ्यायचे नसतात.

जुनं पुस्तक कुठे फसवतं

केनियाने जानेवारी २०२४ पासून जुनी व्हिसा पद्धत बंद केली आणि ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली. त्याआधी छापलेल्या प्रत्येक गाईडबुकचं ते पान रद्दी झालं.

मोम्बासा ते नैरोबी या जुन्या रात्रीच्या रेल्वेगाडीचं वर्णन जुन्या पुस्तकांत फार रसाळ असतं. पांढरे टेबलक्लॉथ, लाकडी डबे वगैरे. ती गाडी आता नाही. २०१७ मध्ये नवीन रुळांवर नवीन गाडी सुरू झाली आणि हा प्रवास पाच-सहा तासांवर आला.

२०१७ मध्येच केनियाने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, २०१९ मध्ये टांझानियाने. आपण चिवडा-लाडू कशात बांधून नेतो? बरोबर. त्यामुळे कापडी पिशवी किंवा डबा घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिवळ्या तापाची लस, म्हणजे यलो फीवर. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. हा नियम ११ जुलै २०१६ पासून बदलला, आता ते आयुष्यभर ग्राह्य आहे. पण खरी मेख पुढे आहे. इंग्रजी गाईडबुक तुम्हाला सांगतं की केनियात शिरताना हे प्रमाणपत्र कुणाला लागतं. भारतात परत शिरताना लागतं, हे ते सांगत नाही, कारण ते पुस्तक भारतीयांसाठी लिहिलेलंच नाही. केनिया, युगांडा, इथिओपिया हे देश भारताच्या यादीत आहेत. तिथून येणाऱ्या प्रवाशाकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, आणि लस मिळते फक्त सरकारमान्य केंद्रांवर. गावच्या दवाखान्यात नाही. म्हणजे केमच्या माणसाला त्यासाठी पुणे किंवा मुंबईची एक वेगळी खेप करावी लागते. घरातली साठीपुढची माणसं सोबत असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण त्या वयात ही लस देताना जास्त विचार करावा लागतो.

हाच मुद्दा सगळ्या व्हिसा-आरोग्याच्या पानांना लागू आहे. ती पानं ब्रिटिश, अमेरिकी किंवा युरोपीय पासपोर्टवाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असतात. ती वाचा, पण भरवसा त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आणि भारत सरकारच्या सूचनांवर ठेवा.

गाईडबुकमधली बारीक अक्षरं

काही गोष्टी मात्र चांगलं गाईडबुकच सांगतं, टूरवाला सांगत नाही.

नैरोबी विषुववृत्ताजवळ आहे म्हणून लोक फक्त सुती कपडे भरतात. पण शहराचा बराचसा भाग कळसूबाईच्या शिखराइतका किंवा त्याहून उंचावर आहे. जून-जुलैच्या पहाटे उघड्या जीपमध्ये स्वेटर नसेल तर सिंह दिसूनही आनंद होत नाही.

दुसरं, स्वाहिली वेळ. तिथे स्थानिक पद्धतीने तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. बस दोन वाजता आहे असं कुणी स्वाहिलीत सांगितलं तर ती सकाळी आठची असू शकते. ही गोष्ट ज्या पुस्तकात नाही ते पुस्तक लिहिणारा तिथे बसने फिरलेला नाही, असं खुशाल समजा.

तिसरं, भाषा. गाईडबुकच्या शेवटी शब्दांची यादी असते, ती मराठी माणसाने चुकवू नये. गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान, पेसा म्हणजे पैसे, लाकी म्हणजे लाख, बिमा म्हणजे विमा. चपाती तर चपातीच. समुद्रापलीकडचा व्यापार शेकडो वर्षं चालू होता त्याच्या या खुणा. आणि ही वाहतूक एकतर्फी नव्हती. निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर हा इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जात दख्खनमध्ये आलेला माणूस. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतो ते शहर त्याने खडकी म्हणून वसवलं. जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे आफ्रिकेचेच.

साहसकथा: कोण गेलं होतं, कोण नाही

गाईडबुकने डोकं भरतं, पण जायची हौस येते ती गोष्टींमधून. आपल्याकडे एका पिढीला ही हौस भा. रा. भागवतांनी लावली. फुरसुंगीचा फास्टर फेणे लिहिणाऱ्या भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कितीतरी कथा मराठीत आणल्या. व्हर्नची पहिली गाजलेली कादंबरी आफ्रिकेवरचीच, १८६३ ची. झांझिबारहून बलूनमध्ये बसून तीन माणसं पाच आठवड्यांत खंड ओलांडतात. गंमत म्हणजे हे लिहिताना व्हर्न आफ्रिकेत गेलेलाच नव्हता. शोधक प्रवाशांचे अहवाल आणि नकाशे वाचून त्याने सगळं रचलं.

टारझनचा जनक एडगर राईस बरोज याचीही तीच गत. १९१२ मध्ये मासिकात टारझन पहिल्यांदा छापून आला तेव्हा त्याने आफ्रिकेच्या जंगलात चक्क वाघ सोडला होता. आफ्रिकेत वाघ नाहीत. पुढे पुस्तक काढताना त्या वाघाची सिंहीण झाली.

याउलट रायडर हॅगार्ड. 'किंग सॉलोमन्स माइन्स' ही १८८५ ची कादंबरी लिहिणारा हा माणूस एकोणिसाव्या वर्षी नाताळला, म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिकेत, नोकरीला गेला होता. त्यामुळे त्याची वाट, बैलगाडी, तहान खरी वाटते. पण तो गेला होता राज्यकर्त्यांच्या बाजूने, आणि ते प्रत्येक पानावर दिसतं. 'गेला होता' आणि 'बरोबर पाहिलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या सगळ्यात माझ्या आवडीचं पुस्तक बंगाली आहे. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांचं 'चाँदेर पाहाड', १९३७ चं. 'पथेर पांचाली' लिहिणारा हाच लेखक. बंगालच्या खेड्यातला शंकर नावाचा मुलगा युगांडा रेल्वेत नोकरीला जातो, सिंहाशी गाठ पडते, मग हिऱ्यांच्या शोधात डोंगरात शिरतो. बिभूतिभूषण कधी भारताबाहेर गेले नाहीत. त्यांनी डोंगरात बसवलेला बुनिप हा राक्षसही मुळात ऑस्ट्रेलियाच्या लोककथांमधला आहे. तरी पुस्तक वाचावं, कारण यात आफ्रिकेकडे बघणारा डोळा लंडनचा नाही. गावातल्या स्टेशनावर उभा राहून लांबच्या गाडीकडे बघणाऱ्या मुलाचा आहे. केमच्या पोराला हा शंकर लगेच कळेल.

त्सावोचे सिंह आणि आपली माणसं

एक साहसकथा मात्र खऱ्या घटनेवरची आहे आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं.

मोम्बासाहून आत जाणारी युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. आपल्याकडे केमच्या पुढे कुर्डुवाडीहून बार्शी लाईटची छोटी गाडी धावू लागली ती १८९७ ला, म्हणजे त्याच सुमाराला. आफ्रिकेतल्या त्या रुळांवर राबायला भारतातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले. त्यातले जवळपास अडीच हजार तिथेच मेले.

१८९८ मध्ये त्सावो नदीवरच्या पुलाचं काम चालू असताना दोन सिंह रात्री तंबूंमधून माणसं उचलू लागले. या दोघांनाही आयाळ नव्हती. काम थांबलं, मजूर पळाले. शेवटी डिसेंबरमध्ये पुलाचा इंजिनिअर जॉन पॅटरसन याने दोघांना मारलं. १९०७ मध्ये त्याने 'द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो' लिहिलं. ते आज स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. सिंहांची कातडी बरीच वर्षं पॅटरसनच्या घरी अंथरलेली होती, नंतर ती शिकागोच्या फील्ड म्युझियमने विकत घेतली. तिथे ते दोघे आजही काचेआड उभे आहेत.

पॅटरसनने पुढे आकडा सांगितला १३५ बळींचा. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या सिंहांच्या हाडांचे आणि केसांचे रासायनिक नमुने तपासले, त्यावरून त्यांनी खाल्लेल्या माणसांचा अंदाज निघाला सुमारे ३५ चा. म्हणजे गेलेला माणूस, प्रत्यक्ष पाहणारा माणूस, तोही आकडा फुगवू शकतो.

पण मला खटकतं ते वेगळंच. या पुस्तकात पॅटरसन नायक आहे, सिंह खलनायक आहेत, आणि मेलेली माणसं बहुतेक 'कुली' आहेत. अडीच हजारांपैकी सिंहांनी खाल्लेले मूठभर. बाकीचे ताप, आजार आणि अपघात यांत गेले, त्यांच्यावर सिनेमा निघाला नाही. आज नैरोबीच्या रस्त्यावर जो भारतीय वंशाचा दुकानदार भेटतो त्याची गोष्ट वाचायची असेल तर एम. जी. वासनजी यांच्या कादंबऱ्या घ्या. नैरोबीत जन्मलेले, मूळ गुजराती घरातले. 'द इन-बिटवीन वर्ल्ड ऑफ विक्रम लाल' मध्ये रेल्वेवर आलेल्या पंजाबी आजोबांपासून स्वतंत्र केनियातल्या नातवापर्यंतचा पट आहे.

आणि आफ्रिकी लेखक? एक तरी वाचून जा. केनियासाठी न्गुगी वा थिओंगो, झांझिबारसाठी २०२१ चे नोबेल विजेते अब्दुलरझाक गुर्ना, कुठेही जात असलात तरी चिनुआ अचेबेंचं १९५८ चं 'थिंग्ज फॉल अपार्ट'. एवढा वेळ नसेल तर बिन्यावांगा वाइनायना या केनियन लेखकाचा २००५ मधला छोटा लेख शोधा, 'हाऊ टू राईट अबाऊट आफ्रिका'. सूर्यास्त, उपाशी मूल, उदात्त सिंह हेच लिहा असा उपरोधिक सल्ला त्याने लेखकांना दिलाय. तो वाचून आपल्या सफारी रीलचं कॅप्शन लिहायला बसलात तर हात जरा थबकेल.

मराठीत काय आहे?

खरं सांगायचं तर कमी. आपलं प्रवासवर्णन इंग्लंड-अमेरिकेकडे जास्त वळलं. पु. लं.ची 'अपूर्वाई' युरोपची, गंगाधर गाडगीळांचं 'सातासमुद्रापलीकडे' पश्चिमेकडचं. इजिप्तला निघालेल्यांना मात्र मीना प्रभु यांचं 'इजिप्तायन' आहे. ते नुसतं मंदिरं-पिरॅमिडचं वर्णन नाही, एकटी बाई तिथे कशी फिरते हेही त्यात दिसतं. दक्षिण आफ्रिकेसाठी गांधीजींचा 'दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास' आजही उपयोगी आहे.

सफारीला जाणाऱ्यांना मी एक वेगळाच सल्ला देईन. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वाचा. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' वाचा. दोन्हीकडे आफ्रिका नाही, पण रानात गप्प बसून बघायचं कसं ते आहे, आणि जीपमधून 'सिंह झाला, आता बिबट्या' अशी यादी टिकवणाऱ्यांना त्याचीच गरज असते.

त्याच्या जोडीला प्राण्यांच्या वागण्यावरचं एक पुस्तक न्या, रिचर्ड एस्टीस यांचं 'द सफारी कम्पॅनियन' उत्तम. मारा किंवा सेरेंगेटीच्या गवतात कोरी बस्टर्ड नावाचा मोठा, ऐटीत चालणारा पक्षी दिसतो. ड्रायव्हर सहसा त्याच्यासाठी गाडी थांबवत नाही. तुम्ही थांबवायला सांगा. हा आपल्या माळढोकाचा सख्ख्या नात्यातला, एकाच कुळातला. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आपल्या करमाळा तालुक्याचा भागही मोडत होता, आणि आज सोलापूरच्या माळावर माळढोक दिसणं म्हणजे नशीबच. नाकुरूला फ्लेमिंगो बघायला जाताय तर त्याआधी हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर एक चक्कर मारून या. केमहून तासा-दीड तासावर रोहित पक्षी उतरतात. त्यांची ओळख झालेली असली की तिकडचा आकाराने लहान, रंगाने जास्त गुलाबी रोहित वेगळा आहे हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.